मुकुंदगुरुजींची धुई

आमचे मुकुंदगुरुजी कोणाच्याही घरी पानावर बसले की सगळ्यात आधी पोळीचा निकाल लावतात. यजमानीण बाईंनी प्रेमाने वाढलेली, वरून तूप सोडलेली पोळी ते दोन बोटांच्या चिमटीत धरतात, शेजारच्याच्या पानात नेऊन ठेवतात, ती दोन बोटं पाण्यात बुडवतात आणि पंचाला पुसतात. मग पिशवीतून फडक्यात बांधलेली ज्वारीची भाकर काढतात. हे सगळं इतक्या शांतपणे चालतं की नव्या माणसाला वाटावं, हाही पूजेचाच एक विधी असेल. एकदा एका नव्या जावयाने गुरुजींचं पाहून आपलीही पोळी शेजारच्या पानात ठेवली आणि बोटं बुडवून मुकाट्याने नुसता भात खाल्ला होता.

पोळी का नको, असं कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं.

"गव्हानं मले धुई येते."

धुई म्हणजे धुकं. आमच्याकडे थंडीत तुरीवर धुई येते आणि फुलं गळतात. गुरुजींची धुई मात्र माणसाच्या डोक्यात उतरते. गहू पोटात गेला की दोन-चार दिवसांत माणसाला समोरचं दिसतं पण ते आपलं वाटत नाही. हाक ऐकू येते, पण ती आपल्यालाच मारली आहे हे पटत नाही. आंघोळीचं पाणी निवून जातं तरी उठून जाववत नाही. असं ते सांगत. इतकं बारकाईने सांगत की ऐकणारा आधी मान डोलवायचा आणि मग हसायचा. मीही हसायचो.

मी त्यांच्या समोरच्या घरात राहतो आणि एका कोचिंग क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जो शहाणपणा केला तो या विषयाच्या जोरावरच केला.

आमची गल्ली अमरावतीत, राजापेठेच्या मागच्या अंगाला. गल्लीत गुरुजी कोणाला "कसे आहात" असं विचारत नाहीत. ते विचारतात, "धुई किती?" दूधवाल्याला विचारतात, वीजबिल वाटणाऱ्याला विचारतात, परीक्षेच्या टेन्शनमध्ये असलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना तर हमखास. पोरं आधी बावचळायची, मग सरावली. आता माझ्या वर्गात एखाद्याला उत्तर आलं नाही की मागच्या बाकावरून आवाज येतो, "सर, त्याले धुई आहे." बोर्डाच्या उत्तरपत्रिकेत कोणी हे लिहिलं नाही म्हणजे मिळवली.

गुरुजींना बाकी सोवळंओवळं फारसं नाही. सलीमभाईंच्या चक्कीवर बसून त्यांच्या घरचा चहा ते बशीत ओतून पितात आणि तसेच उठून पूजेला जातात. यजमानाच्या कुत्र्याने पाय चाटला तरी मंत्र थांबत नाही. त्यांचं सगळं सोवळं एका गव्हाशी. आणि भिक्षुकाचा धंदा तर गव्हावर उभा. चौरंगावर गहू, कलशाखाली गहू, ओटीत गहू, शिध्यात गहू. पूजा झाली की यजमान ते सगळे गहू गुरुजींच्या पिशवीत ओततात. गुरुजी आशीर्वाद देऊन बाहेर पडतात, ऑटोत बसतात आणि घराच्या अलीकडच्या चौकात उतरताना ते गहू ऑटोवाल्याला देऊन टाकतात. घराच्या उंबऱ्याच्या आत गव्हाचा दाणा येत नाही. श्रावणात गुरुजी हातात पूजेची पिशवी घेऊन उभे दिसले की तीन-तीन ऑटो एकदम ब्रेक मारतात.

असा हा माणूस एकेकाळी पोळ्यांसाठी प्रसिद्ध होता, हे आता कोणाला खरं वाटणार नाही. माझ्या लग्नात त्यांनी चौदा पुरणपोळ्या खाल्ल्याचं माझे सासरे अजून सांगतात, आणि ते दुःखाने सांगत नाहीत. वावरात रोडग्यांचा बेत असला की गुरुजींना आधी बोलावणं जायचं. कणकेचा, गोवऱ्यांच्या आरावर भाजलेला रोडगा हातावर फोडून त्यात तुपाची धार सोडताना ते डोळे मिटून घेत आणि काही वेळ कोणाशी बोलत नसत.

नऊ वर्षांपूर्वी हे सगळं एकाएकी थांबलं. त्याच्या आधीची दोन वर्षं त्यांच्या घरात वाईट गेली होती. शैलाकाकू, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, आजारी होत्या. ताप नाही, खोकला नाही. नुसत्या पडून असायच्या. आमच्याकडे याला "गमत नाही" म्हणतात, आणि त्या एवढ्याशा शब्दात सगळं घालून मोकळे होतात. काकूंना दोन वर्षं गमत नव्हतं. अंगणात सडा नाही, दारात रांगोळी नाही, खिडकी बंद. गुरुजी त्यांना अकोल्याच्या एका डॉक्टरांकडे न्यायचे. मग हळूहळू त्या उठल्या, सडा घालू लागल्या. गल्लीने सुटकेचा श्वास टाकला आणि मग गुरुजींकडे पाहिलं तर ते गव्हाच्या मागे लागलेले. बायकोच्या काळजीने बिचाऱ्यांच्या डोक्याचा एखादा खिळा ढिला झाला, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

खरी कीव सगळ्यांना काकूंची यायची. नवऱ्याच्या खुळापायी त्या बाईला घरात पोळी मिळत नाही, म्हणून गल्लीतल्या बायका चोरून त्यांच्याकडे पदार्थ पोचवायच्या. होळीला माझ्या बायकोने, मंजूने, डब्यात चार पुरणपोळ्या पदराखालून नेऊन दिल्या. उन्हाळ्यात कुरडयांचा गरम चीक वाटीभर दिला, कारण काकूंचं माहेर चांदूर रेल्वेचं आणि त्यांच्या आईच्या हातचा चीक त्यांना फार आवडायचा, हे मंजूला माहीत होतं. काकू डबा घ्यायच्या, हसायच्या आणि संध्याकाळी धुतलेल्या डब्यात बोरं घालून परत करायच्या. पोळ्या कुठे जात हे आम्ही कधी विचारलं नाही. आम्हाला वाटे, आपण मोठं पुण्य करतो आहोत.

काकू फार बोलत नसत. पण सकाळी सडा घालताना त्या गुणगुणत. गाण्याला शब्द नसायचे, नाव नसायचं. थंडीच्या दिवसांत गल्लीत खरीखुरी धुई भरलेली असायची, समोरचं फाटक दिसायचं नाही, आणि त्या पांढऱ्यातून फक्त पाणी शिंपडल्याचा आवाज आणि ते गुणगुणणं ऐकू यायचं. मी चहाचा कप घेऊन ओट्यावर उभा राहायचो. क्लासला उशीर व्हायचा तरी पाय निघत नसे. दिवसाची सुरुवात अशी अर्धवट झोपेत, कोणाच्या तरी गाण्याच्या काठाने व्हावी, हे मला फार आवडायचं, आणि मी ते कधी कोणाला सांगितलं नाही.

आता चक्कीबद्दल सांगतो. सलीमभाईंची पिठाची चक्की आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. चक्की एकच, त्यामुळे कशावर काय, म्हणजे कोणत्या धान्यामागून कोणतं दळायचं, याला तिथे फार महत्त्व. हरभऱ्याच्या डाळीवर कोणाला गहू दळून नको असतात, बाजरीवर नको असतात. बायका डबा ठेवताना आधी विचारतात, आता कशावर दळणार? सलीमभाई शुक्रवारी नमाजहून आल्यावर चक्की उघडून दगडांना टाकी लावतात, झटकून पुसून सगळं स्वच्छ करतात. आणि शनिवारी सकाळी पहिला नंबर गुरुजींच्या ज्वारीचा. त्याच्याही आधी सलीमभाई आपल्याकडची दोन मुठी ज्वारी दळून ते पीठ गाईला टाकतात, म्हणजे कुठे गव्हाचा कण राहिला असेल तर तो त्यात निघून जावा.

गुरुजी तिथे स्टुलावर बसलेले असत. चक्की सुरू झाली की पीठ हवेत उडायचं, दारातून येणाऱ्या उन्हात तरंगत राहायचं, आणि त्या तरंगत्या उजेडात एक भिक्षुक आणि एक चक्कीवाला, दोघांच्याही भुवया पांढऱ्या, काही न बोलता बसलेले दिसायचे. कोणी घाई केली तर सलीमभाई सांगत, "पैले पंडितजी का. उनके बाद पूरी अमरावती." एवढ्या निष्ठेचं मला आश्चर्य वाटायचं. मला वाटायचं, मैत्रीखातर सलीमभाईंनी हे खूळ पोसलं आहे.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. हिवरखेडला एका जुन्या यजमानांकडे तीन दिवसांचा कार्यक्रम होता. गुरुजी गुरुवारी संध्याकाळी ज्वारीचा डबा घेऊन माझ्याकडे आले. शनिवारी सकाळी सहाला जा, पहिला नंबर लावा, समोर उभं राहून दळून घ्या आणि डबा काकूंकडे द्या, असं त्यांनी मला तीनदा सांगितलं. मी तीनदा हो म्हटलं. जाताना फाटकापासून परत आले आणि चौथ्यांदा सांगितलं.

शनिवारी मला जाग आली तेव्हा साडेआठ वाजले होते. चक्कीवर गेलो तर गव्हाचे सहा डबे रांगेत आणि चक्की सुरू. सलीमभाईंनी माझ्या हातातला डबा ओळखला आणि मान हलवली.

"आता नाही दळणार सर. उद्याबी नाही. सोमवारी मी पुन्हा चक्की उघडतो, साफ करतो, मंग या."

"अहो, एवढ्याशा पिठाने काय होतं?"

"मले माहीत आहे मी कोणासाठी दळतो ते," ते म्हणाले आणि पुढच्या डब्याकडे वळले.

मला राग आला. क्लासची वेळ झाली होती. आणि खरं सांगायचं तर रागाच्या खाली एक दुसरीच गोष्ट होती. गव्हाने आतड्याचा आजार होतो हे मी वर्गात शिकवतो. गव्हाने मनावर धुई येते हे माझ्या पुस्तकात नव्हतं. गुरुजींना न सांगता गव्हावर दळलेली ज्वारी खाऊ घातली आणि त्यांना काहीच झालं नाही, तर नऊ वर्षांच्या खुळाचा निकाल एका आठवड्यात लागेल, असं माझ्या मनात आलं. मी स्कूटर काढली आणि डेपोजवळच्या दुसऱ्या चक्कीवर गेलो. तिथल्या माणसाने विचारलं, गव्हावर चालते का?

मी म्हणालो, "चालते."

डबा काकूंच्या हातात दिला तेव्हा त्यांनी विचारलं, "सलीमभाईंकडचं ना?" मी मान डोलावली. तोंडाने खोटं बोललो नाही, याचं मला तेव्हा समाधानही वाटलं.

गुरुजी सोमवारी परतले. मंगळवारी ते मला विचारत होते, "धुई किती?" बुधवारी त्यांनी एका बारशात खणखणीत आवाजात मंत्र म्हटले. गुरुवारी ऑटोवाल्याशी हसत उभे होते. मी रोज त्यांच्या चेहऱ्यावर धुई शोधत होतो आणि ती कुठेही नव्हती. शुक्रवारी त्यांना कामं नव्हती, दिसले नाहीत. मी मनातल्या मनात प्रयोगाचा निष्कर्ष लिहून टाकला. मंजूला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "चांगलं नाही केलं तुम्ही." मी तिला विज्ञान समजावलं.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात यायला हवी होती, ती आली नाही. शनिवारी आणि रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन मी ओट्यावर उभा होतो आणि मला क्लासला वेळेवर निघता आलं. का, ते मी स्वतःला विचारलं नाही.

रविवारी दुपारी मी विजयाने त्यांच्या घरी गेलो. दार उघडं होतं. मागच्या पडवीत काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. केस सुटे, हात मांडीवर उताणे ठेवलेले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं, पण मी आलो आहे असं त्यांच्या डोळ्यांत काही उमटलं नाही. गुरुजी त्यांच्यासमोर बसून संत्रं सोलत होते. एकेक फोड घ्यायची, तिचे पांढरे दोरे काढायचे, बी काढायची आणि काकूंच्या तळहातावर ठेवायची. आधीच्या तीन फोडी तिथे तशाच पडलेल्या होत्या. जवळ पंचांग उघडं होतं. त्यात रोजच्या तिथीपुढे गुरुजी पेन्सिलीने बारीक गोल काढतात, हे मी पूर्वी पाहिलं होतं. कोरा गोल म्हणजे धुई नाही, भरलेला गोल म्हणजे धुई. शेवटचे तीन गोल काळे केलेले होते.

"गुरुजी, धुई?" मी विचारलं.

"शुक्रवारपासून आहे."

"पण तुम्ही तर बरे दिसता."

"मले काहून येईन?" ते हळू आवाजात म्हणाले. "मी तं खडेबी पचवतो."

मला कळायला थोडा वेळ लागला. मग मी काकूंच्या तळहातावरच्या फोडींकडे पाहिलं आणि खाली बसलो.

गुरुजींनी सांगितलं ते असं. अकोल्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी काकू निम्म्या उठल्या आणि तिथेच थांबल्या. मग डॉक्टरांनी खाण्याबद्दल विचारलं, तपासण्या केल्या. आतड्याच्या आजाराचं काही निघालं नाही. तरी ते म्हणाले, काही लोकांना गव्हाचा त्रास होतो, क्वचित तो मनापर्यंतही पोचतो असं म्हणतात, खात्रीने कोणी सांगू शकत नाही. गहू बंद करून पाहा, पण गोळ्या थांबवू नका. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी काकू सडा घालताना गुणगुणल्या. ते गव्हामुळे की गोळ्यांमुळे, हे गुरुजींना माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायची त्यांना घाईही नव्हती. गोळ्या चालू ठेवल्या, गहू बंद ठेवला.

मग एका लग्नाच्या पंगतीत काकूंनी पोळी नाकारली. शेजारची कोणी बाई दुसरीला म्हणाली, यांचं डोक्याचं आहे ना, म्हणून पथ्य. काकू घरी आल्या आणि बारा दिवस खिडकी उघडली नाही. त्यानंतरच्या पहिल्याच पंगतीत गुरुजींनी सगळ्यांच्या देखत आपली पोळी उचलून शेजारच्याच्या पानात ठेवली आणि बोटं बुडवली.

"मले चक्रम म्हणते लोक. म्हणू द्या, मी हसत जेवतो," ते म्हणाले. "तिले म्हटलं असतं तं ती दाराबाहेर आली नसती."

एवढं फक्त सलीमभाईंना माहीत होतं, कारण चक्कीवाल्याला सांगणं भाग होतं.

मी त्यांना सांगितलं. साडेआठ वाजल्याचं, डेपोजवळच्या चक्कीचं, आणि 'चालते' म्हटल्याचंही. काकूंच्या समोरच सांगितलं. मला वाटलं ते ओरडतील. ओरडायला हवं होतं, मला ते सोपं गेलं असतं. गुरुजींच्या हातातली फोड तशीच राहिली. मग त्यांनी तिचे उरलेले दोरे काढले आणि ती फोड माझ्या हातावर ठेवली.

"तीन दिवस मीबी घरी नव्हतो, सर. त्याचीबी धुई असू शकते. सगळं पिठावर काहून टाकता?"

मी तो डबा उचलून घरी आणला. ती फोड माझ्याच्याने खाववली नाही. त्या दिवशी मला स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी आजवर कधी वाटली नव्हती.

पुढच्या शनिवारी पहाटे सहाच्या आधी मी चक्कीवर होतो. सलीमभाईंनी कुलूप काढलं, माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आज टाइम पे आए." एवढंच. त्यांनी गाईची दोन मुठी ज्वारी दळली, मग गुरुजींची. मी स्टुलावर बसून राहिलो. माझ्याही भुवया पांढऱ्या झाल्या.

रोज सकाळी मी चहा घेऊन ओट्यावर उभा राहू लागलो. मंजू आतून विचारायची, काही ऐकू आलं का? मी नाही म्हणायचो. गुरुजी समोरून जाताना मी त्यांना धुई किती असं विचारत नव्हतो आणि तेही मला विचारत नव्हते. त्या दिवसांत त्यांनी बाहेरगावची तीन कामं नाकारली. गोळ्यांबद्दल बोलायला ते काकूंना घेऊन एकदा अकोल्याला जाऊन आले. असे चार आठवडे गेले. आणि पौषातल्या एका सकाळी, गल्लीत दोन हातांवरचंही दिसत नव्हतं तेव्हा, पाणी शिंपडल्याचा आवाज आला आणि त्याच्या मागून, आधी अगदी बारीक, मग थोडं मोकळं, ते बिनशब्दांचं गाणं. मंजू पोळ्या टाकता टाकता हातात लाटणं घेऊन बाहेर आली. आम्ही दोघं उभे राहिलो. तव्यावरची पोळी जळाल्याचा वास आला तेव्हा ती आत गेली.

माघात अकोल्याला माझ्या भावाची वास्तुशांत होती. गुरुजींनी येतो म्हटलं, पण एका अटीवर, काकू संगं येतील. नऊ वर्षांत त्या कोणाच्या पंगतीला गेल्या नव्हत्या. बडनेऱ्याहून सकाळची गाडी धरली. काकू खिडकीशी बसल्या होत्या. बाहेर धुई हळूहळू विरत होती आणि तिच्यातून हरभऱ्याची वावरं, एखादी बाभूळ, एखादं फाटक वर येत होतं आणि मागे जात होतं. काकू बोटाने खिडकीच्या गजावर ठेका धरून होत्या. गुरुजी त्या बोटाकडे पाहत होते. मूर्तिजापूर गेलं तरी दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते, आणि त्यांना त्याची गरज दिसत नव्हती.

पूजा झाली, पंगत बसली. पुरणपोळीचा बेत होता. मी आणि गुरुजी शेजारी, समोरच्या रांगेत काकू. वाढायला माझी मावशी. ही मावशी अकोल्यात आग्रहासाठी ओळखली जाते. तिच्या हातून नाही म्हणून सुटलेला माणूस मी पाहिलेला नाही. ती काकूंसमोर थांबली. काकूंनी पानावर हात आडवा धरला.

"नवरा खात नाही म्हणून तुमीबी नाही का?" मावशी म्हणाली. "घ्या बाई, एक दिवस नवऱ्याचं ऐकू नोका."

सगळी रांग काकूंकडे पाहू लागली. गुरुजी अर्धवट उठले. त्यांचं ते ठरलेलं वाक्य त्यांच्या तोंडाशी आलेलं मला दिसलं, पण विचारणा त्यांना नव्हती. तेव्हा मीच बोललो. म्हणालो, मावशी, आग्रह करू नको, मलाही वाढू नको, मलाही गव्हाने धुई येते.

"तुले?" मावशीने माझ्याकडे वळून पाहिलं. "दिवाळीले तं आठ पोया खाल्ल्या तू."

लोक हसले. आणि त्या हसण्यात काकूही हसल्या. मग हसू ओसरल्यावर, फार मोठ्याने नाही, पण दोन्ही रांगांना ऐकू जाईल इतपत आवाजात त्या बोलल्या.

"मावशी, धुई मले येते. याईले काही होत नाही. नऊ वर्सं झाले, माह्या वाट्याची धुई हे डोक्यावर घेऊन फिरून राहिले." आणि थोडं थांबून, "ती पोयी त्याईच्या पानात वाढा."

मावशीने, जन्मात पहिल्यांदा असेल, आग्रह न करता पोळी गुरुजींच्या पानात ठेवली आणि वर तूप सोडलं. गुरुजींनी सवयीने ती दोन बोटांत धरली. माझ्या पानापर्यंत आणली. तिथे हात थांबला. त्यांनी काकूंकडे पाहिलं.

"खा ना," काकू म्हणाल्या आणि फडकं सोडून आपली भाकर मोडायला लागल्या.

गुरुजींनी पोळी परत आपल्या पानात ठेवली. पहिला घास घेताना डोळे मिटले, ते बराच वेळ उघडले नाहीत, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मावशी पुन्हा आली, पुन्हा वाढून गेली. पाच झाल्या की सहा, ते मी मोजलं नाही.

जेवणं झाली. गुरुजी मोरीशी गेले आणि साबणाने हात धुऊ लागले. कोपरापर्यंत धुतले. मग नखं पाहिली, आणि पुन्हा एकदा साबण लावून धुतले. भावाचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट अजून सुरू झालेली नव्हती. काकू दारात चपला घालून उभ्या होत्या. गुरुजींनी ओले हात पंचाला कोरडे केले, एकदा नाकाशी धरून वास घेतला, आणि मग त्यांना जिना उतरायला हात दिला.